निखळ करमणूक आणि वाळूतली रेघ

१९६३ ते १९६६ या चार वर्षांत अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या कंपनीने समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवणाऱ्या तरुण मुलामुलींचे सात विनोदी चित्रपट काढले. ‘बीच पार्टी’ हा पहिला. त्यामागून ‘मसल बीच पार्टी’, ‘बिकिनी बीच’, ‘पजामा पार्टी’, ‘बीच ब्लँकेट बिंगो’, ‘हाऊ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी’ आणि शेवटी, किनारा जवळजवळ सुटलेला, ‘द घोस्ट इन द इनव्हिजिबल बिकिनी’. सातांपैकी पाच विल्यम अॅशरने दिग्दर्शित केले. फ्रँकी अॅव्हलॉन हा गायक नट आणि डिस्नेच्या ‘मिकी माऊस क्लब’ या कार्यक्रमातून घरोघरी पोचलेली अॅनेट फुनिचेलो ही त्यांतली गाजलेली जोडी. कथानक म्हणाल तर एकच. सुट्टी लागते, पोरे किनाऱ्यावर जमतात, नाचतात, लाटांवर स्वार होतात. फ्रँकी-अॅनेटचा रुसवा होतो. मध्ये कुणी परकी बाई किंवा परका पुरुष येतो, मोटारसायकलवाल्या मवाल्यांची टोळी घोळ घालते, शेवटी लुटुपुटीची हाणामारी होते आणि जोडी पुन्हा जमते.

या चित्रपटांवर या त्रैमासिकात लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. वाटू द्या. अमेरिकेतील काळ्यांशी आमचे नाते जुने आहे. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले ते काळ्यांच्या साहित्याची ओळख घेऊन, डॉ. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर ग्रंथ लिहिला. १९७२ साली आमच्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा नावही तिकडच्या पँथरांवरून घेतले. आम्ही राइट वाचला, बाल्डविन वाचला. पण ज्या गोऱ्या समाजाने ही वेदना निर्माण केली तो समाज फावल्या वेळात कशावर हसत होता, हे आम्ही फारसे पाहिले नाही. आमच्या समीक्षेकडे एक खाते सोपवले गेले आहे, वेदनेचे. आम्ही दुःख लिहावे, दुःख वाचावे, दुःखावर परिसंवाद भरवावेत. हास्य, शृंगार, क्रीडा ही खाती प्रस्थापितांनी आपल्याकडे ठेवली आहेत. एका प्राध्यापक मित्राशी या चित्रपटांविषयी बोलत होतो तेव्हा ते सहज म्हणाले, “अहो, निखळ करमणूक ती. तिथे कशाला तुमचे जातीचे भिंग?” त्यांच्या त्या ‘निखळ’ या शब्दापाशीच मला थांबायचे आहे. निखळ म्हणजे ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही ते. मग काय मिसळू दिले नाही, कुणी दिले नाही, आणि ते बाहेर ठेवण्यासाठी किती पोलीस लागले, हे विचारायला नको काय?

आधी धंदा पाहू. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ या दोघांची ही कंपनी. स्वस्तात, झपाट्याने चित्रपट काढायचे आणि मोटारीत बसून बघण्याच्या उघड्या थिएटरांना पुरवायचे, असा तिचा व्यवहार. त्यांचा हिशेब सरळ होता. लहान मूल मोठ्या मुलाचा सिनेमा बघते, मोठे लहानाचा बघत नाही. मुलगी मुलाचा सिनेमा बघते, मुलगा मुलीचा बघत नाही. म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलावर नेम धरा, बाकीचे आपोआप येतात. हा एकोणीस वर्षांचा मुलगा गोरा आहे, हे सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही. आपल्याकडे ‘सर्वसामान्य वाचक’ म्हटले की त्याची जात सांगावी लागत नाही, तसेच हे.

या मुलांना आईबाप नाहीत. निदान पडद्यावर नाहीत. त्यांना काम नाही. वाळूत रात्रभर नाच होतो, सकाळी वाळू स्वच्छ असते. ती कोण झाडते? किनाऱ्यावरच्या घरातल्या चादरी कोण धुते? विनोदी चित्रपटाने असले प्रश्न सोडवावेत अशी माझी अपेक्षा नाही. मात्र श्रमाचा मागमूस नसलेले सुख पडद्यावर दिसले की आमच्यासारख्या वाचकाचे लक्ष आपोआप कडेला जाते. ज्यांच्या घरातली माणसे दुसऱ्यांच्या सणाची खरकटी काढत आली, त्यांना सण बघताना खरकटे दिसतेच. त्याला इलाज नाही.

फ्रँकीच्या त्या टोळीत काळा मुलगा नाही, काळी मुलगी नाही. एवढे सांगून थांबणारी समीक्षा मला अपुरी वाटते. ‘अमका नाही, तमका नाही’ अशी हजेरी घेऊन समाजशास्त्र होईल, कलाकृतीचा उलगडा होत नाही. खरी गोष्ट याहून चमत्कारिक आहे. काळा माणूस या चित्रपटांत आहे. तो गातो.

‘मसल बीच पार्टी’ १९६४ च्या मार्चमध्ये आला. त्यात लिटल स्टीव्ही वंडर पहिल्यांदा पडद्यावर दिसला. वय तेरा वर्षे. आदल्या वर्षीच त्याचे गाणे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आले होते. हा आंधळा मुलगा मान हलवत गातो आणि समोरची गोरी पोरे बेभान होऊन नाचतात. त्या दोन-तीन मिनिटांत चित्रपटाला जी जान येते ती बाकीच्या दीड तासात येत नाही, हे कुठल्याही रसिकाने मान्य करावे. ‘बिकिनी बीच’मध्ये तो पुन्हा येतो, पुन्हा गातो आणि जातो. याच कंपनीने १९६५ मध्ये वाळूऐवजी बर्फ घेऊन ‘स्की पार्टी’ काढला. त्यात जेम्स ब्राउन आपल्या साथीदारांसह बर्फातून वाचवणाऱ्या पथकाच्या वेषात आत शिरतो, गातो, आग लावून जातो. तेरा वर्षांचा स्टीव्ही या पोरांपेक्षा वयाने फार लहान नाही. त्यांच्या वयाच्या जवळपासचा मुलगा किनाऱ्यावरच्या चित्रपटात येतो, पण वाळूत लोळत नाही, पाण्यात उतरत नाही, कुणी मुलगी त्याच्यावर रुसत नाही. तो छताखाली येतो, बोर्डावर उभा राहतो आणि गाणे संपताच कथेतून नाहीसा होतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. महारा-मांगांची, कोल्हाट्यांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली. पवळाच्या गळ्यावर आणि अदेवर महाराष्ट्र लुब्ध झाला. गावाने फेटे उडवले, दौलतजादा केली. मांगाच्या हलगीशिवाय वरात हलत नव्हती. पण पहाटे तमाशा संपल्यावर त्या गळ्याला पाणी कोणत्या विहिरीचे मिळत होते? गळा चालतो, घोट चालत नाही. कलेचा स्पर्श होऊ शकतो, कलावंताचा नाही. ज्या समाजाला माणूस दूर ठेवायचा असतो त्याला त्याचे गाणे मात्र हवे असते, कारण गाणे पाण्यात उतरत नाही.

बरे, त्या किनाऱ्यावर मूळचे गोऱ्यांचे असे होते तरी काय? फळीवर उभे राहून लाट कापायची कला हवाई बेटांवरच्या मूळ रहिवाशांची. तिकडून ती कॅलिफोर्नियात आली. ‘बीच बॉइज’ या गोऱ्या गायकांनी १९६३ मध्ये किनाऱ्याचे राष्ट्रगीत म्हणावे असे जे गाणे गाजवले, त्याची चाल चक बेरी या काळ्या गायकाच्या १९५८ मधील गाण्याची. पुढे त्याचे श्रेय त्याला द्यावे लागले. लाट एकाची, चाल दुसऱ्याची, वाळू तिसऱ्याची. तिसऱ्याने तिला कुंपण घातले.

कुंपण हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. १९१९ च्या जुलैत शिकागोजवळ मिशिगन सरोवरात यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा काळा मुलगा ओंडक्यांच्या तराफ्यावर मित्रांबरोबर खेळत होता. तराफा वाहत गोऱ्यांच्या बाजूला गेला. पाण्यावर कसली रेघ? पण होती. काठावरून एका गोऱ्याने दगड मारले आणि मुलगा बुडाला. पोलिसाने दगड मारणाऱ्याला पकडायचे नाकारले. पुढच्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांतली २३ काळी.

कॅलिफोर्नियात कायद्याने किनारे वाटलेले नव्हते. तिथे रूढी पुरत होती. सांता मोनिकामध्ये काळे लोक ज्या पट्ट्यावर जमत त्याला गोऱ्यांनी ‘शाईची दौत’ असे हिणवणारे नाव दिले होते. निक गबाल्डोन हा तरुण तिथेच लाटांवर चढायला शिकला. चांगली लाट मालिबूला फुटते म्हणून तो फळीवर पोट टेकून हातांनी पाणी मारत बारा मैल जायचा. १९५१ च्या जूनमध्ये मालिबूच्या धक्क्याच्या खांबांवर आदळून तो मेला, वय २४. बारा वर्षांनी त्याच मालिबूच्या परिसरात फ्रँकी अॅव्हलॉनच्या टोळीने तळ ठोकला. मालिबूच्या पाण्यावर एका काळ्या मुलाने असा जीव टाकला होता, याचा या चित्रपटांत उच्चार नाही.

आता ‘बिकिनी बीच’कडे येतो. सात चित्रपटांत हाच मला सगळ्यांत लक्षणीय वाटतो, कारण हसता हसता तो नको ते बोलून जातो. हार्वी हंटिंग्टन हनीवॅगन हा एक धनाढ्य वृत्तपत्रमालक. (कीनन विन याने हे काम झकास केले आहे.) त्याला पोरांना हुसकून किनारा ताब्यात घ्यायचा आहे आणि तिथे म्हाताऱ्यांसाठी वसाहत बांधायची आहे. ही पोरे माकडांपेक्षा वरच्या दर्जाची नाहीत, हे सिद्ध करण्यासाठी त्याने क्लाइड नावाचा चिंपांझी पाळला आहे. क्लाइड लाटांवर चढतो, गाडी पळवतो, नाचतो. म्हणजे पोरे करतात ते माकडही करते. अखेर एका शिक्षिकेच्या प्रभावाने म्हाताऱ्याचे मन पालटते, किनारा पोरांचाच राहतो आणि सगळे नाचतात.

यात हसण्यासारखे आहे. मीही हसलो. पण १९६४ साली अमेरिकेत माणसाची तुलना माकडाशी करणे म्हणजे काय होते? काळ्या माणसाला शतकानुशतके हीच शिवी देण्यात आली होती. शास्त्राच्या नावाने, व्यंगचित्रांतून, रस्त्यावर. तीच तुलना गोऱ्या पोरांच्या बाबतीत विनोद का ठरते? तर ती त्यांना चिकटत नाही म्हणून. जिच्यात मरण नाही ती शिवी म्हणजे गंमत. आपल्याकडे वरच्या जातीची मित्रमंडळी एकमेकांना लाडाने ज्या जातिवाचक शिव्या देतात त्यांचे व्याकरण हेच आहे. शिवी ज्या जातीची, त्या जातीचा माणूस त्या बैठकीत नसतो, म्हणून ती बैठक हसू शकते.

किनारा हिरावला जाण्याची भीती हीसुद्धा या चित्रपटात गंमत आहे. त्याच लॉस एंजेलिस परगण्यात, मालिबूच्या दक्षिणेला, मॅनहॅटन बीच नावाचे गाव आहे. विला आणि चार्ल्स ब्रूस या काळ्या जोडप्याने १९१२ मध्ये तिथे किनाऱ्यालगत जागा घेतली आणि काळ्या लोकांसाठी विश्रामगृह उभे केले. गावाने १९२४ मध्ये सार्वजनिक उद्यानाच्या नावाखाली सक्तीने भूसंपादन सुरू केले. ब्रूस कुटुंबाने १,२०,००० डॉलर मागितले, हाती पडले १४,५०० डॉलर. ज्या उद्यानासाठी जागा घेतली ते पुढची कित्येक दशके झालेच नाही. जमीन ओसाड पडून राहिली. चित्रपटातल्या हनीवॅगनचे मन शिक्षिकेने पालटले. ब्रूस कुटुंबाच्या बाबतीत मन पालटायला २०२२ साल उजाडले. तेव्हा परगण्याने जमीन वारसांना परत केली आणि २०२३ मध्ये वारसांनी ती परगण्यालाच सुमारे दोन कोटी डॉलरना विकली.

याच मॅनहॅटन बीचवर १९२७ च्या जुलैत काळ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेने पाण्यात उतरण्याचा सत्याग्रह केला. गावाने किनारा एका खाजगी इसमाला भाड्याने दिला होता, जेणेकरून पोहायला आलेला काळा माणूस आपोआप घुसखोर ठरावा. शाखेचे अध्यक्ष डॉ. एच. क्लॉड हडसन यांना अटक झाली. शेवटी गावाला भाडेपट्टा मागे घ्यावा लागला. १९२७ चा जुलै! चार महिन्यांपूर्वी, २० मार्चला, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांची खबर असण्याचा संभव नाही. पण दोन्हीकडे युक्तीचा नमुना सारखाच आहे: पाणी कागदावर सार्वजनिक, प्रत्यक्षात दुसऱ्याचे. महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. ठराव दप्तरात राहिला, तळे सवर्णांकडे राहिले. सत्याग्रहानंतर तळे शेणादह्याच्या घागरी ओतून ‘शुद्ध’ केले गेले.

आणि अमेरिकेत? १८ जून १९६४ रोजी फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी मॉन्सन मोटेलच्या तरणतलावात काळे आणि गोरे सत्याग्रही एकत्र उतरले, तेव्हा व्यवस्थापकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. छायाचित्र प्रसिद्ध आहे. काठावर वाकलेला माणूस, हातात भांडे, पाण्यात किंचाळणारी मुलगी. दोन आठवड्यांनी, २ जुलैला, नागरी हक्क कायद्यावर सही झाली. ‘बिकिनी बीच’ त्याच उन्हाळ्यातला. एकाच उन्हाळ्यात, एकाच देशात, आंघोळीच्या कपड्यांतली तरुण मुले, पाणी आणि पोलीस. एका ठिकाणी त्याला कॉमेडी म्हणतात.

माझे मित्र म्हणतील, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणून नाते सिद्ध होत नाही. बरोबर आहे, अॅशरने आम्ल झाकण्यासाठी वाळू पसरली असा माझा आरोप नाही. दक्षिणेतल्या चित्रगृहांची मर्जी राखण्याची रीत मात्र हॉलिवूडमध्ये आधीपासून होती. लीना हॉर्न या काळ्या गायिकेची गाणी चाळीसच्या दशकात अशी रचली जात की दक्षिणेत ती अलगद कापून टाकता यावीत आणि कथेला ओरखडाही उठू नये. किनाऱ्यावरच्या चित्रपटांतले स्टीव्हीचे गाणे कापून पाहा. कथेला काही होत नाही. फक्त चित्रपट निर्जीव होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शाळा, बस, उपाहारगृह यांच्याइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, किनाऱ्यावर आणि तरणतलावावर गोरा समाज का खवळला? तिथे अंग उघडे असते म्हणून. तिथे पाणी सामाईक असते म्हणून. तिथे मुलगा मुलीकडे बघतो म्हणून. १९१६ साली डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राच्या परिसंवादात, भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मर्म सजातीय विवाहात आहे, हे त्यांनी तिथे पंचविशीत सांगितले. जात टिकवायची तर तरुण स्त्रीपुरुषांच्या इच्छेवर पहारा बसवावा लागतो, हा त्या निबंधाचा गाभा. तो हाताशी ठेवून ‘बीच पार्टी’ पाहिला तर गंमत उघडी पडते. हे चित्रपट पोस्टरवर बिकिनी विकतात आणि आत लग्न शिकवतात. पहिल्याच चित्रपटात फ्रँकी किनाऱ्यावरचे घर घेतो ते अॅनेटबरोबर एकान्तात राहण्यासाठी, आणि अॅनेट एकान्ताच्या भीतीने सगळ्या मित्रमंडळींना बोलावून ठेवते. पुढच्या चित्रपटांतही ती लग्नाचाच धोशा लावते. फ्रँकी चिडून हंगेरियन वाढपिणीच्या मागे लागतो, दुसऱ्या चित्रपटात इटालियन सरदारीण त्याच्या मागे लागते. शेवटी परकी बाई परत जाते आणि आपला मुलगा आपल्या मुलीकडे येतो. बहुतेक चित्रपटांत ही घडी मोडत नाही. उघड्या अंगांच्या एवढ्या गर्दीत इतकी सुरक्षित सोयरीक! ‘बीच पार्टी’ आला तेव्हा अमेरिकेच्या अनेक राज्यांत गोऱ्या-काळ्यांचा विवाह गुन्हा होता. १९६७ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे मोडीत काढले. म्हणजे किनाऱ्यावरचे हे चित्रपट आले आणि गेले ते त्या कायद्यांच्या हयातीत.

मानववंशशास्त्राचा विषय निघालाच आहे तर ‘बीच पार्टी’तल्या प्रोफेसर सटवेलबद्दल सांगितले पाहिजे. हे दाढीवाले गृहस्थ किनाऱ्यावरच्या घरात दुर्बीण लावून बसतात आणि या पोरांच्या प्रणयाचा अभ्यास करतात, आदिम टोळ्यांशी तुलना करून ग्रंथ लिहिण्यासाठी. कल्पना सुरेख आहे. दुर्बीण एकदाची उलट फिरली असे क्षणभर वाटते. पण फिरत नाही. विनोद उभा आहे तो ‘आदिम टोळ्या’ ही खरोखरची, हास्यास्पद, कुठेतरी दूर असलेली वस्तू आहे या गृहीतावर. गोरी पोरे टोळीसारखी वागतात म्हणून हसायचे. टोळीने कसे वागायचे हे आधीच ठरलेले. हे गृहीत पुढे उघडे होते. ‘पजामा पार्टी’त बस्टर कीटन हा थोर मूक नट रेड इंडियन नायकाचे सोंग घेतो, त्या नायकाचे नावच ‘सडका गरुड’. ‘हाऊ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी’त तोच बेटावरचा मांत्रिक होतो. कीटनची मला कीव आली. १९६६ च्या फेब्रुवारीत तो वारला. आयुष्याच्या अखेरीस पोटासाठी ही सोंगे. त्यातही त्याचे शरीर अजून विनोद जाणत होते, हे दोन-चार हालचालींत दिसते. पण ज्यांच्या भूमीवर हा किनारा आहे त्या मूळ रहिवाशांना पडद्यावर यायचे तर एका म्हाताऱ्या गोऱ्या नटाच्या अंगावरून यावे लागते, ही गोष्ट त्या हालचालींनी पुसली जात नाही.

मोटारसायकलवाल्या टोळीचा म्होरक्या एरिक व्हॉन झिपर हा या सगळ्यांत मला आवडला. हार्वी लेम्बेक या नटाने ब्रँडोच्या १९५३ मधील ‘द वाइल्ड वन’ची नक्कल करत हे पात्र उभे केले. कातडी जाकीट, चुकीचे इंग्रजी, सतत पराभव. किनाऱ्यावरच्या सुखात हाच एक माणूस आहे ज्याला आपण बाहेरचे आहोत हे कळते. तो चिडतो, आणि चिडतो म्हणून हास्यास्पद ठरतो. गोऱ्यांतल्या गरिबाची ही जागा.

या चित्रपटांवर बहिष्कार घाला, असे मला सांगायचे आहे काय? मुळीच नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना वाटते की अन्यायाचा शोध लागला की कलाकृतीचे काम तमाम झाले. तसे असते तर समीक्षेची गरज उरली नसती, पंचनामा पुरला असता. मला उलट बाजूने जायचे आहे. बिलॉक्सीचे उदाहरण घ्या. मिसिसिपी राज्यात, २६ मैल लांब, सरकारी पैशाने घातलेल्या वाळूचा किनारा. १४ मे १९५९ रोजी डॉ. गिल्बर्ट मेसन हे काळे डॉक्टर मित्र आणि मुले यांना घेऊन तिथे पोहायला गेले. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. लेकरांना घेऊन बाप पोहायला गेला, एवढेच. पोलिसाने बाहेर काढले. २४ एप्रिल १९६० रोजी सुमारे सव्वाशे लोक गेले. गोऱ्या जमावाने साखळ्या, नळ्या, दांडक्यांनी त्यांना झोडपले आणि पोलीस बघत राहिले. २३ जून १९६३ रोजी ते पुन्हा गेले. अकरा दिवसांपूर्वी मेडगर एव्हर्स यांचा खून झाला होता. त्यांच्या स्मरणार्थ सत्याग्रह्यांनी वाळूत काळे झेंडे रोवले. त्याच उन्हाळ्यात फ्रँकी आणि अॅनेट पहिल्यांदा वाळूत नाचले. बिलॉक्सीचा किनारा न्यायालयाच्या निकालाने खुला झाला १९६८ मध्ये, या चित्रपटांची लाट ओसरून गेल्यावर.

या माणसांनी मार खाल्ला तो कशासाठी? भाकरीसाठी नाही, नोकरीसाठी नाही, मतासाठीही नाही. ते लढे ते दुसरीकडे लढतच होते. इथे मार खाल्ला तो चेंडू खेळण्यासाठी, पाय भिजवण्यासाठी, रविवारची दुपार वाळूत घालवण्यासाठी. चवदार तळ्याचे पाणी प्यायलो नाही तर आपण मरणार नाही, असे बाबासाहेब महाडला म्हणाले होते. प्रश्न तहानेचा नव्हता. बिलॉक्सीतही तो आंघोळीचा नव्हता. मात्र एक फरक माझ्या मनातून जात नाही. आम्ही पाण्याचा हक्क मागितला तेव्हा त्याला समतेचा, धर्माचा, मनुष्यत्वाचा आधार दिला. तो द्यावाच लागला. मेसन यांच्या लेकरांनी मात्र आपल्या वागण्यातून निव्वळ मजेचा हक्क मागितला. सुखाचा, आळसाचा, उनाडकीचा हक्क. तो मागायला आम्ही अजून बिचकतो. दलित नायकाने आमच्या कथाकादंबऱ्यांत किती वेळा विनाकारण पोहायचे मनावर घेतले आहे, आठवून पाहा. तो विहिरीत उतरतो तेव्हा एक तर बंड करत असतो, नाही तर मरत असतो. पाण्याचा गारवा त्याच्या पाठीला लागतो काय? लागला तर लेखक ते लिहितो काय? की ते लिहिले तर आपण निखळ करमणुकीच्या पंगतीला जाऊन बसू, ही धास्ती?

या दृष्टीने पाहिले तर किनाऱ्यावरचे हे चित्रपट शत्रूच्या गोटातला नकाशा आहेत. सुख कसे दिसते, किती निष्काळजी असू शकते, आईबाप, भूतकाळ, उद्याची चिंता यांच्यावाचून वीस-बावीस वर्षांचे शरीर उन्हात कसे लोळू शकते, हे त्यांत तपशीलवार आहे. ज्या सुखाभोवती साखळ्या आणि दांडकी घेऊन माणसे उभी होती ते सुख नेमके काय होते, हे बिलॉक्सीच्या छायाचित्रांत दिसत नाही. अॅनेटच्या नाचात दिसते. म्हणून मी वर्गात ‘बिकिनी बीच’ दाखवतो आणि मुलांना हसू देतो. क्लाइड फळीवर चढतो तेव्हा वर्ग खदखदून हसतो, मुली तर जास्तच. मग मॉन्सन मोटेलचे छायाचित्र दाखवतो. मागच्या वर्षी एका मुलीने विचारले, “सर, त्या तलावातल्या मुलीला पोहता येत होतं का?” मला ठाऊक नव्हते. आमच्या त्या वर्गात पोहता येणारे हात वर करा म्हटले, तर बत्तीसांपैकी चारच हात वर झाले, चारही मुलांचे. विहिरी होत्या प्रत्येकाच्या गावात.

ही लाट १९६६ मध्ये संपली. कंपनीने किनाऱ्यावरचा तंबू उठवला आणि मोटारसायकलवाल्या टोळ्यांचे, हाणामारीचे चित्रपट काढायला घेतले. मध्यंतरी, १९६५ च्या ऑगस्टमध्ये, ‘हाऊ टू स्टफ अ वाइल्ड बिकिनी’ प्रदर्शित होऊन महिनाभर होतो न होतो तोच, त्याच लॉस एंजेलिसमधला वॉट्स हा काळ्यांचा भाग सहा दिवस पेटला होता. ३४ माणसे मेली. १९८७ मध्ये पॅरामाउंट कंपनीने फ्रँकी आणि अॅनेट यांना पुन्हा किनाऱ्यावर आणले, ‘बॅक टू द बीच’मध्ये. आता ते मध्यमवयीन आहेत, ओहायोत राहतात, फ्रँकी मोटारी विकतो. चित्रपट स्वतःचीच टिंगल करतो, आणि पहिल्या सातांपेक्षा तो अधिक शहाणा आहे. त्यात फिशबोन हा लॉस एंजेलिसचा काळ्या तरुणांचा बँड आहे. अॅनेट त्यांच्याबरोबर गाते, नाचते, तीही छान. गाणे संपल्यावर कथा पुढे सरकते, फ्रँकी आणि अॅनेट लाटांकडे जातात. तो बँड बोर्डावरच राहतो.